त्यांना पगार, आम्हाला पाच किलो तांदूळ!

विषाणूला जात नसते, असे २०२० साली आम्हाला रोज ऐकवले जात होते. टीव्हीवर ऐकवले, अग्रलेखांतून ऐकवले, थाळ्या वाजवणाऱ्या बाल्कन्यांतून ऐकवले. विषाणूला जात नसेलही. पण टाळेबंदीत कोणाचा पगार चालू राहिला आणि कोणाचा बंद पडला, याला जात होती. ती मोजूनही दाखवता येते.

अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांनी सीएमआयईच्या पाहणीतून काढलेले आकडे पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये तथाकथित उच्चजातीयांपैकी ३९ टक्के लोक कामावर होते. एप्रिल २०२० मध्ये ३२ टक्के उरले. अनुसूचित जातींमधले ४४ टक्के लोक कामावर होते, ते २४ टक्क्यांवर आले. एकीकडे सातची घट, दुसरीकडे वीसची. जवळपास तिप्पट. (आणि आम्हाला ‘सवलतीवर जगणारे’ म्हणणाऱ्यांनी टाळेबंदीपूर्वीचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. काम करणाऱ्यांचे प्रमाण कोणाचे जास्त होते?)

हे का झाले? ज्यांच्या हातात नेमणूकपत्र होते त्यांनी घरात लॅपटॉप उघडला. ज्यांची नोंद मुकादमाच्या वहीत होती, त्यांची वहीच बंद झाली. नेमणूकपत्र कोणाकडे आणि वही कोणाच्या नशिबी, हे या देशात पिढ्यान्‌पिढ्या जात ठरवत आली आहे. महामारीने ते नव्याने ठरवले नाही, फक्त सगळ्यांना दिसेल असे केले.

आता याच महिन्यांत युरोपात काय चालले होते ते पाहू. युरोपचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही, पुढे त्यांचाही हिशेब करणार आहोत. पण तिथल्या सरकारांनी एक गोष्ट केली. काम थांबले तरी कामगाराचे नाव मालकाच्या हजेरीपटावरून पुसू दिले नाही आणि पगाराचा मोठा वाटा स्वतः उचलला. जर्मनीत याला ‘कुर्झआरबाइट’ म्हणतात. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के रक्कम आणि मूलबाळ असेल तर ६७ टक्के, अशी ही जुनी योजना. महामारीत काम बराच काळ कमी राहिले तर ही टक्केवारी टप्प्याटप्प्याने ८० आणि ८७ पर्यंत नेली. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख जर्मन कामगार या योजनेत होते. ब्रिटनने पगाराच्या ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पौंड दिले. ही योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. युरोपीय संघाने सदस्य देशांना अशाच योजनांसाठी १०० अब्ज युरोपर्यंत कर्ज देणारा ‘शुअर’ हा कार्यक्रम मे २०२० मध्ये मंजूर केला.

आणि आपल्याकडे? २४ मार्चच्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत लागू झाली. २९ मार्चला गृह मंत्रालयाने आदेश काढला की मालकांनी कामगारांचे पगार कापू नयेत. सरकार स्वतः त्यात एक रुपया घालणार नव्हते. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ मे रोजी केंद्राने आदेशच गुंडाळला. १२ जूनला न्यायालयाने सांगितले की मालक आणि कामगारांनी आपसात बोलून घ्यावे. ज्याच्या घरात दोन महिने चूल धड पेटली नाही, त्याने कारखानदाराशी वाटाघाटी करायच्या! हातात काय पडले? रेशनवर माणशी पाच किलो धान्य, आणि जनधन खाते असलेल्या महिलेला तीन महिने ५०० रुपये. महिन्याला पाचशे. वीस लाख कोटींचे पॅकेज म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, त्यातला मोठा भाग कर्जाच्या हमीचा होता. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याला कर्जाची हमी घेऊन काय करायचे होते?

धान्याला आम्ही नावे ठेवत नाही. त्या धान्यावर आमच्या वस्त्या जगल्या, आम्ही स्वतः पोती उतरवली आहेत. पण फरक समजून घ्या. तिकडे कामगाराचे कामगारपण शाबूत ठेवून त्याला हक्काचा पगार दिला. इकडे कामगाराला आधी लाभार्थी केले, मग त्याच्या पिशवीवर नेत्याचा फोटो छापला.

यावर ठरलेले उत्तर येते: युरोप श्रीमंत आहे, त्यांना परवडते. हे उत्तर नवी मुंबईत तरी कोणी देऊ नये. वाशीचे एपीएमसी मार्केट आपल्या डोळ्यांसमोर आहे. तिथे पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाचा मालक कोण? रोज वेगळा व्यापारी. तरीही त्याला भविष्यनिर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे, बोनस आहे. कारण अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मालक मजुरीवर लेव्ही भरतो, मंडळ हिशेब ठेवते, कामगाराची नोंद मंडळाकडे राहते. महाराष्ट्र तेव्हा काही जर्मनी नव्हता. पुढे १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीचा कायदा झाला. म्हणजे मालक बदलत राहिला तरी कामगाराचे नाव टिकवायचे कसे, हे या राज्याला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे.

माथाडी बांधवांशी आमचे भांडण नाही. मे २०२० मध्ये बाजारात कोरोना पसरून आठवडाभर मार्केट बंद ठेवावे लागले, तोवर मुंबईच्या ताटात भाजी पोचवणारे तेच होते. आमचा प्रश्न राज्यकर्त्यांना आहे. ओझे उचलणाऱ्यासाठी कायदा होतो, दाराशी पहारा देणाऱ्यासाठी होतो, मग घाण उचलणाऱ्यासाठी का होत नाही? तिथे कोणत्या जातीची माणसे आहेत म्हणून?

स्वच्छ सर्वेक्षण २०२० चा निकाल त्या ऑगस्टमध्ये लागला. इंदूर पहिले, सुरत दुसरे आणि नवी मुंबई देशात तिसरी. भिंती रंगल्या, फलक लागले. आता पहाटे सहा वाजता हजेरी शेडवर जाऊन कंत्राटी सफाई कामगाराला त्याचे ओळखपत्र दाखवायला सांगा. ठेकेदाराचे नाव दर कंत्राटाला बदलते. झाडू तोच, रस्ता तोच, माणूसही तोच. पण कागदावर तो दर वेळी नव्याने लागलेला असतो. सलग सेवा दिसली नाही की ग्रॅच्युइटीचा दावा लटकतो. पीएफचे तुकडे जुळवता जुळवता माणूस म्हातारा होतो. टाळेबंदीत हीच माणसे दिघा, तुर्भे स्टोअर, इंदिरानगरातून निघून कंटेनमेंट झोनमधला कचरा उचलत होती. तेव्हा त्यांना ‘अत्यावश्यक सेवा’ म्हटले गेले, कोविड योद्धा म्हणून फुले उधळली गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने काय केले? २२ आणि २३ सप्टेंबरला, विरोधकांच्या बहिष्कारात, तीन श्रम संहिता मंजूर झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कंत्राटी कामगार नेमण्यावर बंदी आहे, पण फक्त आस्थापनेच्या ‘मुख्य कामा’त. मग मुख्य काम कशाला म्हणायचे नाही, त्याची यादी दिली आहे. त्या यादीत पहिल्याच क्रमांकावर काय आहे? सफाई. झाडलोट, कचरा गोळा करणे, त्याची विल्हेवाट लावणे. पुढे पहारा आहे, उपाहारगृह आहे, मालाची चढउतार आहे. एप्रिलमध्ये अत्यावश्यक असलेले काम सप्टेंबरमध्ये मुख्यही उरले नाही! शिवाय कंत्राटी कामगार कायदा पूर्वी वीस कामगारांपासून लागू होता, तो आकडा पन्नास केला. कामगारकपात करण्यासाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी शंभर कामगारांपासून लागायची, तो आकडा तीनशेवर गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अमलात आल्या आहेत.

आता युरोपचा हिशेब. तिथेही सगळ्यांना पगार मिळाला नाही. जर्मनीत ‘मिनी-जॉब’वाल्या लाखो लोकांना, ज्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत, कुर्झआरबाइट लागू नव्हते. सीमा बंद असतानाही शतावरीच्या काढणीसाठी रुमानियातून विमाने भरभरून मजूर आणले गेले. स्लोव्हाकियात एप्रिल २०२० मध्ये रोमा लोकांच्या पाच वस्त्यांना पोलीस आणि लष्कराने वेढा घातला. रोमांचे पूर्वज भारतातूनच गेले, हे आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. गावकुसाबाहेरची वस्ती तिथेही आहे. आणि जून २०२० मध्ये रेडा-वीडेनब्रुक इथल्या ट्योनिस कंपनीच्या कत्तलखान्यात दीड हजारावर कामगार बाधित निघाले. त्यांत रुमानिया, बल्गेरिया, पोलंडमधून आलेले, उपकंत्राटदारांमार्फत राबणारे, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे मजूर मोठ्या प्रमाणात होते. घाणीचे, रक्ताचे काम परक्याच्या गळ्यात बांधायचे, हा नियम आपल्या चांगलाच ओळखीचा आहे.

पण पुढे काय झाले ते पाहा. त्या बातमीने जर्मनीत गहजब झाला आणि त्याच वर्षी कायदा आला. १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस कंपन्यांना कत्तल आणि मांसकापणीच्या कामासाठी उपकंत्राट देण्यावर बंदी आली. कामगार कंपनीने स्वतःच नेमायचे. एका महामारीने दोन देशांना एकच गोष्ट दाखवली, की कंत्राटी पद्धत माणसे मारते. एका देशाने एका उद्योगापुरती का होईना, तिच्यावर बंदी घातली. दुसऱ्याने तिला संहितेत जागा करून दिली.

आपल्याकडे तर मेलेल्यांची मोजणीही झाली नाही. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपेत मालगाडीखाली चिरडले गेले. मध्य प्रदेशातले आदिवासी होते ते. १४ सप्टेंबरला केंद्रीय श्रम मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिले की स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची माहिती सरकारकडे नाही. माहिती नाही म्हणून भरपाईचाही प्रश्न नाही. वास्तविक आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या नोंदी ठेवण्याचा कायदा १९७९ पासून होता.

नोंद हा सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि बाबासाहेबांनी तो फार आधी ओळखला होता. मुंबईच्या गिरण्यांत कापड खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाटण्याची भीती होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी रोजगार विनिमय केंद्रे उभी केली, आठ तासांच्या दिवसाची बाजू लावून धरली, कामगार विम्याच्या योजनेचा पाया त्यांच्याच खात्यात घातला गेला. ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात त्यांनी बेकार माणसाचा प्रश्न मांडला आहे: उपाशी माणसापुढे कोणी नोकरी धरली आणि अट घातली की संघटनेत जायचे नाही, तोंड उघडायचे नाही, तर तो मूलभूत हक्क घेऊन काय करेल? तुर्भ्याच्या नाक्यावर जाऊन हा प्रश्न विचारून पाहा.

आपले अनेक तरुण आज आरक्षण वाचवण्यासाठी रस्त्यावर येतात. यायलाच हवे. पण कंत्राटात बिंदुनामावली नसते. पालिकेत, रुग्णालयात, परिवहन सेवेत कायम पद रिकामे ठेवून ठेकेदाराची माणसे घेतली की त्या पदाचे आरक्षण आपोआप संपते, घटनादुरुस्ती लागत नाही. मग आरक्षणाच्या बाहेर, कंत्राटात, शंभर टक्के ‘राखीव’ असलेले एकच काम उरते: झाडू.

हे बदलता येते. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांना कंत्राटी म्हणून वर्षानुवर्षे राबवले. त्यांच्यातही मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेली आपलीच माणसे मोठ्या संख्येने होती. कचरा वाहतूक श्रमिक संघ कोर्टात लढत राहिला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. नव्या संहितेतही एक फट आहे. आस्थापना मुळात ज्या कामासाठी उभी आहे ते काम ‘मुख्य नाही’ म्हणता येत नाही. आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शहराची सफाई हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. मग पालिकेत सफाई मुख्य काम कशी नाही? हा युक्तिवाद आपल्या वकील मित्रांनी हातात घ्यावा. सोसायट्या, मॉल आणि कंपन्यांतल्या सफाई कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ मागावे. पालिकेत मात्र मंडळावर समाधान मानू नये, तिथे कायम नेमणूकच हवी.

सुरुवात साधी आहे. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो. आपल्या विभाग कार्यालयाला विचारा: सफाईच्या चालू कंत्राटात किती कामगार आहेत, त्यातले किती जण आधीच्या ठेकेदाराकडेही होते, दर महिन्याला कोणाच्या खात्यात किती पीएफ भरला, मंजूर कायम पदे किती आणि त्यातली रिकामी किती. उत्तरे आली की ती कामगारांच्या पगारपावत्यांशी ताडून पाहा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत प्रत्येक विभागातून एक अर्ज गेला पाहिजे. पुढची निविदा निघण्यापूर्वी.

जय भीम!