आठवड्याचे दोन तास

रुग्णसेवा म्हटली की सर्वस्व वाहून घेतलेला कार्यकर्ता आपल्या डोळ्यांसमोर येतो. क्रांतिज्योती सावित्रीमाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. त्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु तेवढा त्याग सर्वांकडून मागता येत नाही. दोन तास मात्र मागता येतात.

आपल्या चितेगावचेच घ्या. पैठण रोडवरच्या कंपन्यांत आपली माणसे पाळीने राबतात. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. भगिनींना घरकाम आणि मजुरी. अशांना "रोज सकाळी दहाला सेवेला या" म्हटले तर ते येणार कसे? मग आपणच म्हणतो, समाजात सेवाभाव उरला नाही. सेवाभाव आहे, सोय नाही. इकडे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या बापाजवळ थांबायचे म्हणून मुलाचा रोज बुडतो. रोज बुडाला की औषध बंद होते. घाटीत एक माणूस भरती झाला की घरची दोन अडकतात. एक खाटेशी, दुसरा औषधाच्या रांगेत.

केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्याने २००० च्या सुमारास यावर उपाय काढला. दीर्घ आजाऱ्यांसाठी शेजाऱ्यांची फळी उभी केली. आठवड्याला निदान दोन तास देईल त्याला शिकवून घेतले, पाठीशी डॉक्टर आणि नर्स ठेवल्या. पुढे २००८ साली केरळ सरकारने अशा सेवेचे धोरणच ठरवले.

हिशेब साधा आहे. बारा जणांनी दोन-दोन तास दिले की चोवीस तास होतात. विहारात एक वही ठेवावी. रकाने चार : नाव, पाळी, मोकळा वेळ, जमेल ते काम. कामाचेही वाटे करावेत. कोणी रोग्याजवळ बसावे, कोणी पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला कुशीवर वळवावे, कोणी घाटीच्या रांगेत उभे राहावे. पाळी बदलली तर आदल्या दिवशी सांगून बदली माणूस द्यावा. वेळ आपल्या सोयीची असावी, पण दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. रोग्याचे डोळे दाराकडे लागलेले असतात.

एक सावधगिरी हवी. इंजेक्शन देणे, गोळी बदलणे हे आपले काम नव्हे. तसेच आपल्या सेवेच्या आड सरकारने आपली जबाबदारी झटकता कामा नये. आशाताईंचेच पाहा. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून त्या आल्या. त्यांना स्वयंसेविका म्हणायचे, पगार द्यायचा नाही, आणि काम मात्र वाढवत न्यायचे! शेजारधर्म आपला, दवाखाना सरकारचा, हे दोन्ही ठणकावून सांगितले पाहिजे.

महिला मंडळाने आणि तरुणांनी येत्या पौर्णिमेलाच वही उघडावी. पहिल्या पानावर बारा नावे पुरेत.