गाड्या सिनेमा चोरत नाही

'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'सारखे गाडीचोरांचे सिनेमे घरोघरी पोहोचले, आणि म्हणून जळगाव-धुळ्याकडे मोटारसायकली चोरीला जाऊ लागल्या, असा सिद्धांत आमच्याकडच्या एका विद्वान वक्त्यांनी नुकताच मांडला. म्हणणं थोडक्यात असं: थिएटरच्या दारावर निदान कुणी अडवायला होतं; आता चोर नायक होऊन थेट माजघरात शिरतो, पोरं बघतात, शिकतात, बिघडतात; सबब असले सिनेमे घरी मिळूच नयेत. टाळ्याही पडल्या. मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

२००० साली आलेल्या त्या सिनेमात चोरी सोडून बसलेला निकोलस केज धाकट्या भावाचा जीव वाचवायला ५० मोटारी उचलायला निघतो. त्यातून यावल-रावेरच्या पोरानं शिकायचं काय? शेल्बी मस्टँग कशी पळवावी? इथं चोरीला जाते ती शेतकऱ्याची हप्ते न फिटलेली मोटारसायकल. ती जाते कुठून? आठवडे बाजारातून, बसस्टँडच्या बाहेरून, दवाखान्यासमोरून, केळीच्या बागेच्या बांधावरून. बाजाराला हजारो माणसं येणार हे ठाऊक असतं, पण गाड्या लावायला धड जागा नाही, राखायला माणूस नाही. चावी वर्षानुवर्षं वापरून इतकी गुळगुळीत झालेली असते की कुलूप कोणत्याही घासलेल्या चावीला दाद देतं. हँडल लॉक कधीचंच मोडलेलं असतं. मिस्त्री दर खेपेला सांगतो, 'भाऊ, लॉक बदलून घ्या', आणि भाऊ दर खेपेला 'कापूस विकला की बघू' म्हणतो. त्या भाऊला मी दोष देणार नाही. पण त्याची गाडी गेली त्याचं खापर हॉलिवूडवर फोडू देणारही नाही.

चोरी झाल्यावरचं तर वक्त्यांनी बघितलंच नाही. चोराला गिऱ्हाईक लागतं. एमएच १९ची गाडी जिल्हा ओलांडते, कधी राज्याची हद्द ओलांडते, आणि कुणीतरी आरसी बुक न मागता ती घेतो. भाव एवढा कमी का, हे विचारत नाही, कारण उत्तर त्याला माहीत असतं. नाहीच विकली गेली तर तिचे सुटे भाग होतात. हँडलखालच्या नळीवर ठोकलेला चासी नंबर खरवडून तिथं दुसरा पाडणारा सराईत हात लागतो, सुटे भाग बिनबोभाट विकत घेणारा दुकानदार लागतो. भारतीय न्याय संहितेच्या ३०३ कलमात चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा माल अप्रामाणिकपणे, माहीत असून घेणाऱ्याला ३१७ कलमाखाली तीच तीन वर्षं. कायद्यानं घेणाऱ्याला चोराच्या शेजारी बसवलं आहे. पण त्या भाषणात घेणाऱ्याचं नावही आलं नाही. घेणारा आपल्या ओळखीचा असतो, आपल्या पंगतीत बसतो. सिनेमा मात्र कुणाचाच नातेवाईक नाही, म्हणून त्याला झोडपणं सोपं!

इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' हा सिनेमा १९४८चा. त्यात शेवटी गरीब बाप स्वतःच सायकल चोरायला धजावतो. त्या सिनेमानं सायकलचोर वाढले, असं आमच्या विद्वानांपैकी कुणी कधी म्हटलेलं नाही. त्याच्यावर ते व्याख्यानं देतात. म्हणजे चोरी रडत केली तर कला आणि इंजिनाचा आवाज करत केली तर गुन्हा. हाच आरोप आधी तमाशावर झाला, मग जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमावर, मग व्हिडिओ पार्लरवर. प्रत्येक वेळी बिघडायचं ते गरिबाचं पोर. बोलणाऱ्याचं पोर तोच खेळ बघून शहाणंच राहायचं.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. घरी वयाचं बंधन नाही म्हणता? २०२१च्या नियमांनी ओटीटीवर वयोगट आले, पालकांसाठी कुलूपही आलं. ते लावणं आईबापांच्या हातात आहे. परकी संस्कृती म्हणाल, तर धाकट्यासाठी जीव धोक्यात घालणारा थोरला भाऊ खानदेशाला परका नाही. आणि सिनेमा थिएटरातच बघावा हा आग्रह ज्याच्या गावात थिएटर आहे त्यानं धरावा.

उलट, घरी आलेला सिनेमा पुन्हा पुन्हा बघता येतो, थांबवून बघता येतो, आणि त्यातून बघणारा करणारा होतो. आणि करणारा मूळचा सिनेमावालाच असावा लागत नाही. 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स'चा मूळ अवतार १९७४चा. तो लिहिला, काढला, त्यात काम केलं आणि गाडीही हाकली एच. बी. हॅलिकी यांनी, त्यांचा धंदा भंगार गाड्यांचा. ४० मिनिटांचा पाठलाग, ९३ गाड्यांचा चुराडा. धुळ्याशेजारच्या मालेगावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवत होते. टेपा जोडता-तोडता ते संकलन शिकले आणि त्यांनी 'मालेगाव के शोले' केला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. २०२५मध्ये त्यांच्यावरचा हिंदी सिनेमा देशभर लागला. त्यांना हे शिकवलं घरच्या-दारच्या व्हिडिओनं.

मला आता अहिराणीत बोलणारा गाडीचोरांचा सिनेमा बघायचा आहे. लळिंगच्या घाटात पाठलाग सुरू व्हावा, बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर तो ट्रकांच्या रांगेत अडकावा, आणि चोराबरोबर आरसी बुक न मागणारा तो घेणाराही पडद्यावर दिसावा. ज्यांना काढता येईल त्यांनी तो मोबाईलवर काढावा आणि थेट घरोघरी पोहोचवावा.