लाल निशाण कोणीं लावावें?

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें जहाज फुटलें. त्यावर सुमारें १४०० टन स्फोटकें होतीं. शिवाय कापसाच्या गांठी, वंगणाचीं पिंपें, गंधक, राळ वगैरे माल होता. आग लागली ती कापसाला. गंधकानें लाविली असें आमचें म्हणणें नाहीं. पण जो माल एकमेकांशेजारीं बसवूं नये तो एके ठायीं बसविला, आणि धोक्याच्या मालाची खूण म्हणून लाल निशाणही चढविलें नाहीं. शेंकडों माणसें मेलीं. विझवावयास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान परतले नाहींत.

‘गंधक बिचारें गरीब’ असें दुकानदार म्हणतात. हें अर्धसत्य होय. ढेप सहसा पेटत नाहीं. पण भुकटी हवेंत उडाली कीं एक ठिणगी पुरे. जळतांना निघणारा वायु हवेहून जड असल्यानें सखल जागीं सांचतो व श्वास कोंडतो. क्लोरेटाशीं गांठ पडल्यास नुसत्या घर्षणानेंही भडका उडतो. म्हणूनच १९९२ सालीं अशा मिश्रणाचीं स्फोटकें आपल्या देशांत मना झालीं.

इतकी खबरदारी घेतली तर धंदा कसा चालावा, असा आक्षेप येईल. पण ती महाग कोठें आहे? जागा कोरडी व हवेशीर असावी. कापूस, तेल व क्लोरेट दूर असावें. फाटकें पोतें गाडींत चढवूं नये. भुकटी सांचूं देऊं नये. विडी व ठिणगी पाडणारीं लोखंडी अवजारें बाहेर ठेवावीं. आग लागलीच तर पाण्याचा झोत न मारतां बारीक फवारा मारावा. झोतानें भुकटी उधळते.

गिरगांवापासून लालबाग-परळपर्यंत खालीं गाळा व वर बिऱ्हाडें ही आपली जुनी वस्ती. माडीवर झोंपलेल्या मुलाला खालच्या पोत्यांत काय आहे तें ठाऊक नसतें. कायदा बहुधा राख थंड झाल्यावर दोषी शोधतो, हें आम्ही वकिलीच्या अनुभवानें सांगतों. आग टाळणें मालकाच्याच हातीं आहे.

१९४४ सालीं गोदीचे धनी परके होते. दोष त्यांच्या माथीं मारतां आला. आज शहर आपलें, महापालिका आपली, गाळाही आपलाच. तेव्हां प्रत्येक गाळ्याच्या दारावर आंत कोणता माल व किती, याची ठळक पाटी व्यापारी मंडळांनीं आपण होऊन लावावी, आणि महापालिकेनें ती सक्तीची करावी. त्या जहाजावर निशाण नव्हतें. आपल्या दारावर पाटी तरी असूं द्या.