प्रकल्प कोणाचा: विद्यार्थ्याचा की निकषांचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने घोकंपट्टीऐवजी अनुभवाधारित आणि प्रकल्पाधारित अध्ययनाचा आग्रह धरला. या धोरणातून आलेल्या समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या नोंदींबरोबरच विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनालाही स्थान आहे. दिशा स्पष्ट आहे. मात्र अनेक वर्गांतील प्रकल्पवही अजूनही पृष्ठसंख्या, मुखपृष्ठ आणि चिकटवलेली चित्रे यांतच अडकलेली दिसते.

गोव्यातील चतुर्थीच्या माटोळीचे उदाहरण घ्यावे. ‘दहा पाने, दहा रंगीत चित्रे’ अशी अट असली की छापील चित्रे दुकानातून येतात आणि मजकूर पालक किंवा संगणक पुरवतो. याउलट घरच्या माटोळीला बांधलेले आंबाडे, चिबूड, तोरिंगण कोठून आले, यंदा कोणते रानफळ मिळाले नाही, हे आजीला विचारून लिहिणारे मूल चार पानांतच थांबते आणि गुण गमावते.

तरीही दोष अटींना देणे योग्य ठरणार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात समान निकष नसतील, तर गुणदान मर्जीवर जाईल. ओवीला चरणांचे बंधन असते, म्हणून तिच्यातील भाव आटत नाही. प्रश्न एवढाच की अट कशावर घालावी: सजावटीवर की शोधावर? ‘स्वतः पाहिलेल्या पाच वनस्पती, दोन ज्येष्ठांशी संवाद आणि माहितीच्या स्रोताचा उल्लेख’ ही देखील अटच आहे. परंतु ती दुकानातील साहित्याने पूर्ण होत नाही.

यापूर्वीचा अनुभव बोलका आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2009 मध्ये आणलेली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती 2017 मध्ये मागे घेतली. नोंदींचा वाढता भार हा तिच्यावरील प्रमुख आक्षेपांपैकी एक होता. शिक्षकाचा वेळ रकाने भरण्यात गेला, तर मुलाचे वेगळेपण न्याहाळायला उसंत उरत नाही. नव्या प्रगतिपत्रकापुढेही हाच धोका आहे.

उपाय खर्चिक नाही. वर्षभरातील प्रकल्पांची संख्या कमी करावी, प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या कामावर दोन-तीन प्रश्न विचारावेत आणि त्या उत्तरांना लेखी मजकुराइतकेच गुण द्यावेत. मूल आपल्या कामाविषयी बोलू लागले की ते कोणी केले, हे वेगळे तपासावे लागत नाही.