विश्लेषण : एक स्फोट, दोन तपास… मालेगाव खटल्यात यंत्रणांचा समन्वय कुठे तुटला?

मालेगावच्या भिकू चौकात 29 सप्टेंबर 2008 रोजी झालेल्या बॉम्बस्फोटात 6 जण ठार झाले. मुंबईतील विशेष न्यायालयाने 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. मग स्फोट घडवला कोणी, या प्रश्नाचे उत्तर जवळपास 17 वर्षांनंतरही मिळालेले नाही.

तपास दोन यंत्रणांकडे कसा?

सुरुवातीचा तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) केला. राष्ट्रीय तपास यंत्रणा (एनआयए) तेव्हा अस्तित्वातच नव्हती. तिचा कायदा मुंबईवरील 26/11च्या हल्ल्यानंतर, डिसेंबर 2008 मध्ये आला. एटीएसने जानेवारी 2009 मध्ये आरोपपत्र दाखल केले आणि एप्रिल 2011 मध्ये तपास एनआयएकडे गेला.

मतभेद कुठे झाले?

एटीएसने ‘मोक्का’ लावला होता. या कायद्यानुसार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येतो. एनआयएने 2016च्या पुरवणी आरोपपत्रात मात्र ‘मोक्का’ लागूच होत नाही, अशी भूमिका घेतली. काही आरोपींविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचेही म्हटले. म्हणजे एकाच खटल्यात सरकारी पक्षाच्याच दोन बाजू न्यायालयासमोर आल्या.

निकालाचे कारण हेच का?

केवळ हेच नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यातील त्रुटींवर न्यायालयाने बोट ठेवले. मोटारसायकलमध्येच बॉम्ब ठेवला होता, हे सिद्ध झाले नाही. ‘यूएपीए’खालील मंजुरीचे आदेशही सदोष ठरले. तपासलेल्या 323 साक्षीदारांपैकी 30हून अधिक फितूर झाले. पहिल्या काही दिवसांत राहिलेली त्रुटी अडीच वर्षांनी आलेल्या यंत्रणेला भरून काढता येत नाही.

असे आधीही घडले होते?

होय. मालेगावातीलच 2006च्या स्फोटांत एटीएसने 9 जणांना पकडले. पुढे सीबीआय आणि नंतर एनआयएकडे तपास गेला. एनआयएने वेगळ्याच गटाकडे बोट दाखवले. त्या नऊपैकी हयात असलेले 8 जण 2016 मध्ये आरोपमुक्त झाले. तोवर त्यांची काही वर्षे तुरुंगात गेली होती.

समन्वयाची आजची व्यवस्था काय?

गुप्तचर विभागांतर्गत ‘मल्टी एजन्सी सेंटर’ यंत्रणांमध्ये माहितीची देवाणघेवाण घडवते. पण स्फोटानंतर तपास कोणी करायचा, हे ते ठरवत नाही. एनआयए कायद्याच्या कलम 6 नुसार राज्याचा अहवाल मिळाल्यापासून 15 दिवसांत केंद्राने तो निर्णय घ्यायचा असतो. मात्र केंद्र पुढेही स्वतःहून तपास एनआयएकडे देऊ शकते.

आता पुढे काय?

मृतांच्या वारसांना 2 लाख आणि जखमींना 50 हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश न्यायालयाने दिला. काही नातेवाईकांनी निकालाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. तपास कोणाकडेही जावो, पहिल्या दिवसाचा पंचनामा आणि नमुने पुढच्या यंत्रणेलाही न्यायालयात टिकवता येतील असे हवेत. मालेगावचा धडा हाच आहे.