धावणाऱ्याला थांबवायचं कसं?

घरातल्या कुणाला पत्त्यांचा किंवा सिगारेटचा नाद लागला, की सारं घर त्याच्यावर तुटून पडतं. तोच माणूस पहाटे पाचला बूट चढवून धावायला निघाला, तर आपण शेजाऱ्यांना कौतुकानं सांगतो.

समजा, बंगळूरला के. आर. पुरममध्ये राहणारं एक मराठी जोडपं आहे. साखर वाढली म्हणून नवरा तळ्याकाठी धावू लागला. साखर उतरली, पोटही उतरलं. शहरात २००८ साली सुरू झालेल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचं पदक भिंतीवर आलं. इथवर तक्रार कसली? पण आता तो तापातही धावतो. नडगी ठणकत असते, तरी धावतो. मुलीचं गॅदरिंग आडवं आलं तर चिडतो. बायकोनं काही विचारलं की उत्तर तयार : 'दारू तर पीत नाही ना?'

१९७० च्या सुमारास फ्रेडरिक बेकलँड या अमेरिकन संशोधकाला, व्यायाम बंद केल्यावर झोपेचं काय होतं, हे पाहायचं होतं. रोजचे व्यायामपटू पैसे घेऊनही महिनाभर थांबायला तयार होईनात! शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर भागवावं लागलं.

इंग्लंडचे रॉन हिल १९७० ची बोस्टन मॅरेथॉन जिंकलेले धावपटू. डिसेंबर १९६४ पासून ते एकही दिवस न चुकता धावले. १९९३ साली मोटार अपघातात छातीचं हाड मोडलं, तरी खंड नाही. जानेवारी २०१७ मध्ये धावताना छातीत दुखू लागलं, तेव्हा कुठे ते थांबले. लोक याला जिद्द म्हणतात. मला तरी धास्तीच वाटते.

दुखणाऱ्या नडगीत हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तशीच धावपळ चालू ठेवली, तर हाड पुरतं मोडू शकतं. बायकांच्या बाबतीत अतिव्यायाम आणि अपुरं खाणं एकत्र आलं, की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. किती किलोमीटर म्हणजे व्यसन, असं मात्र मोजता येत नाही. आजारपणात दोन दिवस घरी बसता येतं का, हे पाहावं.

म्हणून बूट लपवू नका; त्यानं भांडणच वाढेल. आधी पाय हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी परवानगी दिली तर काही दिवस पोहणं चालेल. तरीही चैन पडत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नये. आणि हा विषय पहाटे दारात काढू नका. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर काढा.