पैसे आमचे, बातमी कुणाची?

दूरचित्रवाणीवर चोवीस तास बातम्या चालू असतात आणि तरीही आपल्या तालुक्यात काल काय घडले हे आपल्याला एस.टी. स्थानकावर भेटलेल्या गाववाल्याकडूनच कळते, ही गोष्ट विचित्र नव्हे काय? आपल्यापैकी बहुतेक विद्यार्थी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून आलेले आहेत. मुंबईतील कोणता नेता कोणाला काय म्हणाला हे आपण खानावळीत जेवताना दररोज ऐकतो. मुखेडला पीकविमा मिळाला की नाही, अहमदपूरला नळाला पाणी आले की नाही, हे मात्र त्या पडद्यावर दिसत नाही. याला बातमी म्हणायचे आणि वर तिचे पैसेही मोजायचे!

पैशाचा मुद्दा प्रथम घेऊ. कारण त्याबाबत आपल्याकडे बराच गैरसमज आहे. पूर्वी केबलवाला महिन्याच्या महिन्याला दारात येई, ठरलेली रक्कम घेऊन जाई, आणि कोणती वाहिनी कितीला पडते हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. पुढे डिजिटल पेटी सक्तीची झाली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती लागू झाली. तीनुसार शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये व त्यावर कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे दाम वेगळे. मालिकांच्या व खेळांच्या मोठ्या वाहिन्यांचा दर त्या वेळी महिना १९ रुपयांपर्यंत होता. मराठी वृत्तवाहिनी मात्र एक तर विनामूल्य, नाही तर काही पैशांत! नियम नंतर पुन्हा पुन्हा बदलले, २०२४ मध्ये तर जोडणीच्या आकारावरील मर्यादाही काढून टाकण्यात आली. परंतु मूळ गोष्ट बदलली नाही. आपण दरमहा जे पैसे भरतो ते तारेचे आणि मालिकांचे. बातमीसाठी आपण जवळजवळ काहीच देत नाही. विहिरीवर दोराचे भाडे द्यावे आणि पोहऱ्यात काय आले हे विचारूच नये, तसा हा व्यवहार आहे.

मग बातमीचे पैसे देतो कोण? जाहिरातदार देतो. उलट जाळ्यावर आपण दिसावे म्हणून अनेक वाहिन्यांनाच वितरकाला पैसे मोजावे लागतात. तो खर्च भरून काढायचा तर प्रेक्षकसंख्या दाखवावी लागते, आणि ती मोजली जाते देशातील साठ हजारांच्या आत घरांत बसवलेल्या पेट्यांवरून. देशात दूरचित्रवाणी असलेली घरे २१ कोटींच्या आसपास आहेत, असा २०२० चा अंदाज होता. म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक घरांमागे एक घर! त्या हिशेबात आपल्या कंधारचे किंवा निलंग्याचे वजन किती भरणार? अर्थात सगळे पाप त्या पेटीचेही नव्हे. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात वृत्तवाहिन्यांची ही मोजणी बंदच होती; तेव्हाही चर्चेतील आरडाओरडा काही कमी झाला नव्हता. सवय म्हणा, दुसरे काय!

आपला जिल्हा पडद्यावर येतच नाही, असे कोणी म्हणणार नाही. तो येतो, पण संकटात असेल तेव्हाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या नव्हत्या. 'झी चोवीस तास' आणि 'स्टार माझा' आल्या २००७ मध्ये. त्यानंतरचे मोठे उदाहरण म्हणजे लातूरचे पाणी. मांजरा धरण कोरडे पडले, शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एकूण पाच लाख लिटर पाणी. सारे वार्ताहर लातूरच्या स्थानकावर हजर! गाडी येताना दाखवली, गाडीचे स्वागत दाखवले, पाणी कोणामुळे आले याचा वाद दाखवला. गाडीच्या फेऱ्या पुढेही चालू राहिल्या. त्या पावसाळ्यात मांजरा भरले आणि कॅमेरे केव्हाच परतले होते. मांजरेच्या खोऱ्यात ऊस किती असावा, धरणातील पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, पाणी असतानाही लातूरच्या नळाला ते रोज का येत नाही, हे प्रश्न ज्याचे त्याने आपल्या घागरीजवळ बसून सोडवावेत, अशीच जणू सर्वांची समजूत. या प्रश्नांना दृश्य नाही, हीच त्यांची अडचण. आगगाडी दाखवता येते, पाणीवाटपाचा तक्ता दाखवता येत नाही.

नांदेडचेही तेच. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी येथील शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. सारा देश हादरला. पुढे एका खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले, आणि ते दृश्य पुनःपुन्हा फिरवण्यात आले. डॉक्टर आणि परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, औषधखरेदी कशी चालते, तालुक्याच्या दवाखान्यातून रोगी शेवटच्या घटकेला नांदेडलाच का पाठवले जातात, याची विचारपूस महिन्याभराने येऊन कोणी करावी? ज्या माउलीचे मूल गेले तिला त्या उत्तराची गरज होती. तिच्या घरीही केबल असेल, आणि तीही दरमहा जोडणीचे पैसे भरत असेल.

काही मित्र म्हणतात, मुंबई ही राजधानी आहे, तिची बातमी ती साऱ्या राज्याची बातमी. म्हणणे खोटे नाही. मंत्रालयातील निर्णय आम्हांला हवाच आहे. पण तोच निर्णय देगलूरच्या तहसील कचेरीत येऊन पोहोचला की नाही, हेही कोणी पाहायला नको काय?

ते काम सध्या, वेडेवाकडे का होईना, आपला स्थानिक केबलवाला करतो. त्याच्या सायंकाळच्या बातम्यांना आपण हसतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता, दुकानांची उद्घाटने आणि मधूनच अडखळणारा निवेदक! हसू येते हे खरे. तथापि उद्या कोणत्या भागात पाणी सुटणार, मोंढ्यात तूर आणि सोयाबीनचा भाव काय निघाला, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हे त्याच्याकडेच कळते. नभोवाणीकडून अपेक्षा ठेवावी तर खाजगी एफ.एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मुभाच नाही. अर्थात स्थानिक केबल स्थानिक पुढाऱ्याच्या मुठीत असू शकते, हे मी नाकारत नाही. ज्याचा वाढदिवस दाखवायचा त्याच्या कामाची चौकशी कशी करायची?

त्यावर उपाय पैशातच आहे, असे मला वाटते. संसदेचे कामकाज 'संसद टीव्ही'वर घरबसल्या पाहता येते. मग नांदेड-वाघाळा आणि लातूर महानगरपालिकांची सर्वसाधारण सभा, दोन्ही जिल्हा परिषदांच्या सभा, काटछाट न करता स्थानिक केबलवर का दिसू नयेत? शाळाखोल्या, रस्ते आणि पाणीपट्टी यांवर तेथे कोण बोलले आणि कोण गप्प बसले, हे मतदाराला दिसेल. आणि वार्ताहर नेमायचा तर जोडणीच्या आकारातून स्थानिक बातमीसाठी पाच रुपये वेगळे काढावेत. पाहिजे तर आणखी पाच आम्ही वर देऊ. दहा हजार घरांचे पाच रुपये म्हणजे महिन्याला पन्नास हजार. एवढ्यात दोन पगारी वार्ताहर आणि एक कॅमेरावाला कसेबसे बसतात. पुढाऱ्याच्या शुभेच्छांची गरज उरत नाही. ही रक्कम केबलवाल्याच्या हाती न देता कोणत्या संस्थेकडे ठेवावी, हा प्रश्न अवघड आहे. आमच्या वर्गात त्यावर दोन तास वाद झाला आणि तो मिटला नाही. राज्यशास्त्र व अर्थशास्त्र विभागातील गुरुजनांनी या हिशेबात लक्ष घालावे, अशी विनंती आहे.